ठिणगीचा मुहूर्त

मोटार ही आतां नवलाची वस्तु राहिली नाहीं. मुंबईपुण्याची गोष्ट सोडाच, पण तालुक्याच्या गांवींहि ती दारापुढें उभी असते, आणि घरांतील मुलेंमुली ती निर्धास्तपणें हांकतात. परंतु वाहन जितकें सोपें झालें तितकी त्याच्या पोटांत काय घडतें ह्याची जिज्ञासा मंदावली, असें आमचें निरीक्षण आहे. पूर्वीं मोटार मनधरणी करून चालवावी लागे, म्हणून मालकास तिच्या प्रकृतीची माहिती असे. आज तिचें झांकण उघडण्याचाहि प्रसंग सहसा येत नाहीं. ह्या लेखांत त्या झांकणाखालच्या एकाच गोष्टीचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती गोष्ट म्हणजे ठिणगीची वेळ. आणि तीहि भात्यानें हवा कोंबलेल्या इंजिनांतली. कारण इतर इंजिनांत ही वेळ चुकली तर पेट्रोल वायां जातें, येथें चुकली तर इंजिनच जातें.

१८७६ सालीं जर्मनींतील निकोलस ऑटो ह्यानें जें चार घातांचें इंजिन सिद्ध केलें, त्याचाच वंश आजच्या पेट्रोलच्या मोटारींत चालू आहे. दट्ट्या खालीं जातांना हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. तो वर येतांना तें दाबलें जातें. मग ठिणगी पडून मिश्रण पेटतें व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर येतांना तो धूर बाहेर लोटतो. आतां ठिणगी केव्हां पडावी? दट्ट्या अगदीं माथ्यावर आला म्हणजे, असें भोळें उत्तर कोणीहि देईल. तें चूक आहे. वाळलेल्या गवताच्या कुरणास एका कडेस काडी लावली तर दुसरी कड पेटण्यास वेळ लागतो. तसाच सिलिंडरांतील ज्वालेसहि प्लगपासून भिंतीपर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर येण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते. असें केलें तरच दाबाचा कळस दट्ट्या माथा ओलांडून सुमारें पंधरा अंश पुढें गेल्यावर येतो, आणि अनुभव असा आहे कीं, तेथेंच त्या दाबाचा सर्वांत अधिक उपयोग होतो. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावरच दाब पडून इंजिन स्वतःशीं भांडतें. फार उशिरां पडली तर धुराच्या नळींतून उष्णता फुकट जाते.

हा मुहूर्त किती सूक्ष्म आहे तें आपल्या पंचांगाच्या मापानें सांगतों. घटिकेचें पळ, पळाचें विपळ आणि विपळाचें प्रतिविपळ हें साठ-साठाचें कोष्टक जुन्या वाचकांस पाठ असेल. विपळ म्हणजे सेकंदाचे चार दशांश, आणि प्रतिविपळ म्हणजे सेकंदाचा दीडशेवा भाग. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल तर एका विपळांत त्याचे वीस फेरे होतात आणि एका प्रतिविपळांत तें १२० अंश फिरतें. ठिणगीची वेळ ठरवितांना एका अंशाची चूक मोजली जाते. म्हणजे प्रतिविपळाचा एकशेंविसावा भाग! आमच्या ज्योतिषशास्त्रानें प्रतिविपळाच्या मुहूर्तावर कोणाचें लग्न लाविल्याचें आम्हांस तरी ठाऊक नाहीं. येथें मात्र चार सिलिंडरांच्या इंजिनांत असे मुहूर्त सेकंदास शंभर साधावे लागतात.

आरंभीं हें काम माणसाच्या हातीं होतें. १९०८ ते १९२७ पर्यंत बनत असलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीस हातचक्राच्या खालीं दोन दांडे असत. उजवा पेट्रोलचा आणि डावा ठिणगीचा. वेग वाढला कीं चालकानें डावा दांडा हलवून ठिणगी लवकर करावयाची, चढ लागला कीं उशिरां. इंजिन हातानें फिरवून चालू करण्यापूर्वीं हा दांडा मागें घेण्यास विसरलें तर इंजिन उलट उसळी घेई आणि फिरविणाराचें मनगट मोडे. पुढें फिरत्या वजनांच्या योगानें वेगाबरोबर ठिणगी आपोआप पुढें सरकूं लागली. आणि इंजिन हलक्या भारावर असतां आंत जी निर्वात ओढ उत्पन्न होते, तिच्या बळावर एक पडदा ओढून ती आणखी पुढें नेण्याची सोयहि झाली. हें दुसरें कशाला, तर विरळ मिश्रण सावकाश जळतें म्हणून. दाट मिश्रण भराभर जळतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

आतां भात्याकडे वळूं. लोहाराचा भाता विस्तवास करतो तेंच सुपरचार्जर इंजिनास करतो. इंजिन स्वतः श्वास घेऊन जितकी हवा ओढील तिच्याहून अधिक हवा तो आंत कोंबतो. अधिक हवा म्हणजे अधिक पेट्रोल जाळतां येतें, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनांतून अधिक शक्ति निघते. ह्यांतला एक प्रकार अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतल्या रूट्स बंधूंच्या नांवानें ओळखला जातो. त्यांनीं १८६० सालीं त्याचें पेटंट घेतलें, पण तें भट्ट्यांस वारा घालण्यासाठीं. मोटार तेव्हां जन्मलीहि नव्हती. १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सेडिस कंपनीनें अशा भात्याच्या मोटारी मांडल्या. इंग्लंडांत १९२९ सालीं टिम बर्किन ह्या शर्यतबहाद्दरानें साडेचार लिटरच्या बेंटली मोटारीस अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स ह्याच्या योजनेचा भाता जोडविला. मूळच्या सुमारें ११० अश्वशक्तीच्या इंजिनांतून शर्यतीच्या मोटारींत २४० अश्वशक्ति निघूं लागली. कंपनीचे संस्थापक बेंटली ह्यांस मात्र ही कल्पना मुळींच पसंत नव्हती. शक्ति हवी असेल तर इंजिन मोठें करावें, असें त्यांचें मत. १९३० च्या ल मान्सच्या शर्यतींत भात्याच्या बेंटली शेवटपर्यंत टिकल्या नाहींत, आणि बिनभात्याच्या मोठ्या इंजिनाची बेंटली पहिली आली. जुन्या मतांची माणसें सर्वकाळ चुकीचींच असतात असें नाहीं.

भात्याच्या इंजिनास एक रोग फार लवकर जडतो. सायकलचा पंप जोरानें मारतांना त्याची नळी हातास चटका देते, हा अनुभव सर्वांस आहे. हवा दाबली कीं तापते. तीस अंशांची हवा भात्यांतून अर्ध्या वातावरणाइतक्या अधिक दाबानें बाहेर पडली तर ती ऐंशी अंशांच्या घरांत जाते. असें आधींच तापलेलें आणि दाटलेलें मिश्रण सिलिंडरांत पुन्हां दाबलें जातें. ठिणगीपासून निघालेली ज्वाला पुढें सरकत असतां, तिच्या समोरच्या कोपऱ्यांतलें न जळलेलें मिश्रण दोन्हीकडून चेपलें जाऊन ज्वाला पोंचण्यापूर्वींच एकदम स्वतः पेट घेतें. मग हातोडी मारल्यासारखा टणत्कार ऐकूं येतो. इंग्रजींत ह्यास नॉकिंग म्हणतात. आम्ही ठोका म्हणूं. चढावर वरच्या गिअरांत मोटार रेटली म्हणजे खडे हलल्यासारखा जो आवाज होतो तो हाच. साध्या इंजिनांत तो बराच काळ सोसला जातो. भात्याच्या इंजिनांत दट्ट्याच्या कडा वितळण्यास कधीं कधीं मिनिटभरहि लागत नाहीं.

ह्या ठोक्याचें निदान करणारांत इंग्लंडचे हॅरी रिकार्डो ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. पहिल्या महायुद्धानंतर शोरहॅम येथील आपल्या कारखान्यांत त्यांनीं, चालू असतांनाच ज्याचा दाब कमीअधिक करतां येईल असें इंजिन बांधिलें, आणि निरनिराळीं पेट्रोलें त्यांत घालून कोणतें कितपत दाब सोसतें तें मोजलें. ठोका हा इंजिनाचा नव्हे, मुख्यतः इंधनाचा स्वभाव आहे, हें त्यांतून स्पष्ट झालें. अमेरिकेंत ह्याच प्रश्नाच्या मागें लागलेल्या टॉमस मिजली ह्यास ९ डिसेंबर १९२१ रोजीं उपाय सांपडला. शिशाचें एक संयुग पेट्रोलांत अगदीं थोडें घातलें कीं ठोका थांबे. १९२३ सालीं तें विक्रीस आलें. नांव ठेविलें ‘एथिल’. त्यांत शिशाचा उच्चार नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. त्याच वर्षीं मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेनें आजारी पडला, आणि १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यूजर्सींतील एका कारखान्यांत तें संयुग बनवितांना पांच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीहि शिशाचें पेट्रोल जगभर पसरलें. आपल्या देशांतून तें २००० सालीं गेलें, आणि जगांतला शेवटचा देश अल्जीरिया ह्यानें तें २०२१ सालीं बंद केलें. इंजिनाची प्रकृति सुधारण्यासाठीं तीन पिढ्यांच्या मुलांनीं शिसें श्वासावाटे घेतलें, असा हा हिशेब आहे. ठिणगीची वेळ नीट सांभाळणें हा त्याच रोगावरचा दुसरा, निर्विष उपाय. ठिणगी थोडी उशिरां केली कीं दाबाचा कळस उतरतो आणि कोपऱ्यांतल्या मिश्रणास स्वतः पेटण्यास अवसर मिळत नाहीं. शिवाय दाट मिश्रण भराभर जळतें असें वर सांगितलेंच आहे. तेव्हां भात्याच्या इंजिनास मुळांतच उशिरांची ठिणगी पुरते.

पण किती उशिरां? हें कागदावर काढतां येत नाहीं. चाचणीनेंच ठरवावें लागतें. आमचा एक जुना विद्यार्थी ह्याच कामांत आहे. त्याच्या आग्रहावरून एकदां ही चाचणी आम्हीं प्रत्यक्ष पाहिली. दोन लिटरचें, चार सिलिंडरांचें, पट्ट्यानें फिरणाऱ्या भात्याचें एक इंजिन ओट्यावर पक्कें बसविलें होतें. त्याचा दांडा एका गतिरोधक यंत्रास जोडला होता. इंजिन किती पिळानें फिरतें तें हें यंत्र अडवून मोजतें. अशा यंत्रांत पाण्याच्या अडथळ्याचा उपयोग विल्यम फ्रूड ह्या इंग्रज गृहस्थानें १८७७ सालीं जहाजांच्या इंजिनांसाठीं केला होता. जाड कांचेच्या अलीकडे संगणकापुढें आमचा विद्यार्थी बसला होता, आणि त्याचा डावा हात सारा वेळ एका तांबड्या खटक्यावर होता.

आम्हांस वाटलें होतें, इंजिन लगेच सुरू होईल. तसें झालें नाहीं. प्रथम त्यानें दट्ट्याचा माथा शोधिला. सर्व अंश ह्या माथ्यापासून मोजावयाचे, आणि माथा सांपडणें मोठें अवघड. कारण माथ्याजवळ दांडा दोनचार अंश फिरला तरी दट्ट्या जवळजवळ हलतच नाहीं. अयनाच्या सुमारास सूर्य कित्येक दिवस एकाच ठिकाणीं उगवतोसा दिसतो, तसें. मग त्यानें युक्ति केली. प्लगच्या भोंकांतून एक अडणी आंत बसविली. इंजिन हातानें एका बाजूनें फिरवून दट्ट्या अडणीस टेकला तेथें चक्रावर खूण केली. उलट फिरवून दुसऱ्या बाजूनें टेकला तेथें दुसरी खूण केली. आणि दोन खुणांचा मध्य काढला. तोच माथा. हें पाहून आम्हांस फार आनंद झाला. कारण आमच्या शुल्बसूत्रांत दिशा काढण्याची रीत अगदीं हीच आहे. वर्तुळाच्या मध्यावर शंकु उभा करून त्याची सावली सकाळीं वर्तुळांत शिरते तो बिंदु व दुपारनंतर बाहेर पडते तो बिंदु घ्यावयाचा, आणि दोहोंच्या मध्यावरून उत्तर-दक्षिण रेषा काढावयाची. मध्यान्हींची सावली स्वतः मोजण्याच्या भानगडींत पडावयाचें नाहीं, कारण तेव्हां ती पुरेशी हलतच नसते. विद्यार्थ्यास हें सांगितलें तेव्हां तो हंसला व म्हणाला, “गुरुजी, हें तुम्हीं आम्हांस आठवींत फळ्यावर काढून दाखविलें होतें.”

माथा सांपडल्यावर इंजिन भात्याच्या दाबाशिवाय मंद चालवून त्यानें चमकत्या दिव्यानें खूण पाहिली. हा दिवा ठिणगीबरोबर लखलखतो, त्यामुळें फिरतें चक्र डोळ्यांस स्थिर दिसतें आणि ठिणगी नेमकी कोणत्या अंशास पडते तें वाचतां येतें. संगणकानें दहा अंश सांगितले, तर खुणेवरहि दहाच दिसले पाहिजेत. हें इतक्या कसोशीनें कां, असें आम्हीं विचारिलें. तेव्हां त्यानें कपाटावरून एक दट्ट्या काढून आमच्या हातीं दिला. वजनास हलका, आणि एक कड मेणबत्तीसारखी ओघळलेली. त्याच्या पहिल्या नोकरींत, दुसऱ्या एका कारखान्यांत, घडलेली ती गोष्ट. इंजिनाच्या दांड्यावर दात असलेलें एक चक्र असतें; साठ दातांची जागा, त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे त्या खिंडीवरून संगणकास आरंभ कळावा. एकेक दात सहा अंशांचा. माथा कितव्या दातावर आहे तें संगणकास सांगतांना कोणीतरी एका दातानें चुकला. पडद्यावर चौदा अंश दिसत होते, ठिणगी पडत होती विसावर. सर्वांनीं पडद्यावर विश्वास ठेविला. भात्याचा दाब चढला, आणि तिसऱ्या सिलिंडराचा दट्ट्या गेला. त्याबरोबर चार महिन्यांचें काम गेलें. “पडदा सांगतो ती इच्छा, दिवा दाखवितो तें सत्य,” असें तो म्हणाला.

मग खरी चाचणी सुरू झाली. पाणी व तेल ठराविक उष्णतेस आणून, वेग मिनिटास ३००० वर धरून, भाता अर्ध्या वातावरणाच्या दाबावर ठेवून, ठिणगी मुद्दाम फार उशिरां, म्हणजे माथ्यापूर्वीं आठ अंशांवर ठेविली. पीळ २१२ न्यूटन-मीटर भरला. दहा अंशांवर २२४, बारावर २३३, चौदावर २४०, सोळावर २४५. वाढ कशी उतरत गेली पाहा; बारा, नऊ, सात, पांच. बिनभात्याच्या इंजिनांत असेंच पुढें जात राहिलें तर वाढ शून्य होते, वक्ररेषा माथ्यावर सपाट होते, आणि त्या सपाटीच्या अलीकडच्या कांठावर वेळ ठरवितां येते. भात्याच्या इंजिनांत तो माथा दिसतच नाहीं. सतरा अंशांवर त्याच्या कानांतल्या यंत्रांत टिक् टिक् सुरू झाली आणि त्यानें तत्काळ ठिणगी मागें घेतली. पीळ अजून वाढतच होता, पण वाट तेथें संपली. त्यानें ह्या जागेसाठीं वहींत चौदा अंश लिहिले. सोळा कां नाहींत, असें आम्हीं म्हटलें. दोन अंशांनीं पिळांत भर पडणार शेंकडा दोनची. आणि मे महिन्यांतल्या दुपारीं घाट चढतांना, पेट्रोल हलकें मिळालें असतां, ठोक्यास तेवढे दोन अंश पुष्कळ होतात.

ही हकीकत घरीं सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं विचारिलें कीं, मग आठ अंशांवरच कां ठेवीत नाहींत, म्हणजे भीतीच नको. प्रश्न मार्मिक होता. उशिरां पेटलेली आग दट्ट्याच्या कामीं न येतां धुराबरोबर बाहेर जाते. आठ अंशांच्या वेळीं धुराची नळी चुलींतल्या फुंकणीच्या टोंकासारखी लाल दिसत होती. दीर्घकाळ असें चाललें तर बाहेरच्या झडपा जळतात. म्हणजे एका बाजूस दट्ट्या, दुसऱ्या बाजूस झडपा, आणि मध्यें चारपांच अंशांची वाट. वेग व दाब ह्यांच्या प्रत्येक जोडीसाठीं ही वाट निराळी. म्हणून असे कोष्टक शेंकडों घरांचें भरावें लागतें. त्या दिवशीं सायंकाळपर्यंत अकरा घरें भरलीं.

कोष्टक भरलें तरी काम संपत नाहीं; आजच्या इंजिनास कानहि असतो. दाब पडला असतां वीज उत्पन्न करणारे स्फटिक क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं शोधिले. तसल्याच पदार्थाचा एक तुकडा इंजिनाच्या अंगास घट्ट बसवितात. नेहमींच्या आकाराच्या सिलिंडरांत ठोक्याचा सूर सेकंदास सहा ते सात हजार कंपनांचा असतो. तेवढाच सूर निवडून संगणक ऐकतो आणि ठोका झाला कीं ठिणगी मागें घेतो. अमेरिकेंतील ब्यूक कंपनीनें १९७८ सालीं आपल्या टर्बो इंजिनांत ही सोय केली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं स्वीडनच्या साब कंपनीनें ठोका ऐकून ठिणगीऐवजीं दाबच कमी करण्याची रीत काढली. पण कानासहि परीक्षा हवी. झडपांचा खडखडाट तो ठोका समजला तर विनाकारण शक्ति घटते. खरा ठोका त्यास ऐकूं न आला तर काय होतें तें कपाटावर ठेविलेलेंच आहे. म्हणून इंजिनास मुद्दाम हलकें पेट्रोल पाजून आणि आंत येणारी हवा तापवून, म्हणजे जाणूनबुजून ठोका उत्पन्न करून, कान वेळेवर जागा होतो कीं नाहीं तें पाहतात.

अलीकडे आपल्या पेट्रोलांत मद्यार्क मिसळतात, आणि त्याचा कांहीं भाग महाराष्ट्रांतल्या साखर कारखान्यांतून जातो. मद्यार्क वाफ होतांना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषितो व मिश्रण थंड ठेवितो; ठोका सोसण्याचा त्याचा गुणहि मोठा आहे. म्हणून भात्याच्या इंजिनास तो मानवतो, मात्र कोष्टक पुन्हां भरावें लागतें, कारण वाट एखाददुसऱ्या अंशानें सरकते. आमच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच इंजिनास तें पेट्रोल घालून पुन्हां आठ अंशांपासून आरंभ करण्याचें ठरविलें होतें, आणि त्याआधीं चमकता दिवा घेऊन पुन्हां एकदां खूण पाहण्याचें.